काच ऐकणारा माणूस

दादाचे काच वितळवायचे बर्नर सोमवारी सकाळी तंत्रनिकेतनात जाणार, हे ताईने आधी सगळ्यांना फोन करून कळवलं आणि मग दादाला विचारलं. तिची पद्धतच तशी. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होती, समोरच्याचं मत घ्यायचं ते निर्णय झाल्यावर, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पण या खेपेला दादा चिडला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने सगळेच धास्तावले, कारण दादाने ताईला बरं म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

म्हणून रविवारी दुपारी सगळे कारखान्यात जमले. कारखाना म्हणजे तरी काय, घराचा तळमजला. आजोबांनी इथे काचनळ्या फुंकायला सुरुवात केली, वडिलांनी प्रयोगशाळांची कामं आणली, आणि गेली चाळीस वर्षं दादा त्याच लाकडी टेबलाशी बसून कंडेन्सर बनवत होता. नळीच्या आत नळी, आतलीत वाफ, बाहेरचीत गार पाणी. सगळी मेख आतल्या जोडात. तो जमला तर जन्मभर टिकतो, नाहीतर दहा मिनिटांत 'टिक' करतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

दोघांचे धाकटे भाऊ, प्राध्यापक, पोचले तेव्हा ताई भिंतीवरच्या अवजारांना चिठ्ठ्या लावत होती.

"आलास?" ती वळूनही न बघता म्हणाली. "दादाला बोलतं करायचं काम तुझं. उद्या हे सगळं गेलं की त्याच्या डोक्यातलं डोक्यातच राहील. तेच शिकवतोस ना तू?"

तेच शिकवत होते ते. ज्ञान व्यवस्थापन हा विषय त्यांनी विद्यापीठात सुरू केला तेव्हा लोक विचारायचे, ज्ञान काय गोदामात ठेवायची वस्तू आहे? प्राध्यापक न चिडता समजावून सांगायचे. माणूस निवृत्त होतो, नोकरी सोडतो, आजारी पडतो, आणि त्याच्याबरोबर त्याला कळलेलं सगळं दाराबाहेर जातं. म्हणून तो जायच्या आत त्याला विचारा. यासाठी त्यांनी चौसष्ट प्रश्नांची 'निरोपाची मुलाखत' तयार केली होती. धरणाच्या अभियंत्यांपासून इस्पितळातल्या परिचारिकांपर्यंत किती जणांना ते प्रश्न विचारून झाले याची गणती नव्हती. घरात मात्र त्यांना कोणी प्राध्यापक म्हणत नसे. लहानपणी ते येताजाता वहीत काही ना काही टिपत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं टिपणराव, आणि निवृत्तीला चार महिने उरले तरी ते काही पुसलं गेलं नव्हतं.

टिपणरावांच्या पिशवीत त्यांच्या पुस्तकाच्या आठव्या आवृत्तीची मुद्रितं होती. ती मंगळवारी परत द्यायची होती. त्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण म्हणजे दादा. 'काच ऐकणारा माणूस.' कारागीर तापलेला जोड कानाजवळ धरतो, काच निवताना बारीक आवाज करते, तो थांबला की मगच जोड खाली ठेवतो, आणि हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, शब्दांत सांगता येत नाही. विद्यार्थी हे प्रकरण वाचून भारावून जात. टिपणराव स्वतःही दर वर्षी शिकवताना थोडे भारावत.

"काका, हे बघ आधी." ठिणगीने एक खोकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

ठिणगी म्हणजे दादाची मुलगी. नाव दुसरंच होतं, पण चालायला लागल्यापासून ती बर्नरपाशी घुटमळायची म्हणून ठिणगी. दोन वर्षांपूर्वी बरी नोकरी सोडून ती वडिलांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली, तेव्हा ताईने महिनाभर अबोला धरला होता. खोक्यात अकरा कंडेन्सर होते. अकराही आतल्या जोडाशी तडकलेले. प्रत्येकाला नंबर, आणि बरोबर एक वही. तारीख, ज्योत किती, नळी किती फिरवली, काजळी धरेपर्यंत किती वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'कान'.

"कान म्हणजे?"

"तुझं तिसरं प्रकरण. आवाज थांबेपर्यंत कानाशी धरायचं. मी धरते. एकदा केस जळले." तिने कानामागची बट दाखवली. बट खरंच आखूड होती. "मला काहीच ऐकू येत नाही रे काका. म्हणजे माझ्यात ते नाहीच का?"

टिपणरावांना पुतणीचा अभिमान वाटला, वहीचा तर फारच वाटला, आणि त्याच वेळी त्या आखूड बटेकडे बघवेना. ते म्हणाले, "अगं, वेळ लागतो."

"आधी येत होतं काका. मागच्या वर्षी माझे नऊ जोड टिकले होते. आता एक टिकेना."

दादा कोपऱ्यात बसून काचनळ्यांवरची धूळ पुसत होता. उद्या जाणाऱ्या नळ्या कशाला पुसायच्या, असं कोणी म्हणालं नाही. टिपणराव स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले, रेकॉर्डर टेबलावर ठेवला, चष्मा पुसला.

"सुरू करू या?"

"कर बाबा. तुझं समाधान होऊ दे."

पहिले तेरा प्रश्न दादाने हातावेगळे केले. कामाची सुरुवात कशी करतोस? बसतो. चूक झाली हे कशावरून कळतं? तुटतं. नवशिक्याला पहिली गोष्ट कोणती सांगशील? हात भाजेल. ताई तोंडावर पदर धरून हसत होती. टिपणरावांचा घाम निघाला, पण ते कसलेले मुलाखतकार. चौदावा प्रश्न त्यांचा हुकमी होता. जी गोष्ट तुला कळते पण सांगता येत नाही, ती कोणती? दादा याचं काय उत्तर देणार हे त्यांना एकोणतीस वर्षांपासून माहीत होतं.

दादाने नळी खाली ठेवली. एकदा ठिणगीकडे बघितलं, तिच्या आखूड बटेकडे.

"टिपण्या, ते ऐकण्याचं... ते मी बनवून सांगितलं होतं."

"काय बनवून?"

"काच बोलते वगैरे. काही बोलत नाही रे काच. तू तीन दिवस पेन उघडून बसला होतास इथे. जोड कधी ठेवायचा, कसं कळतं, कसं कळतं. मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? तू रडकुंडीला आला होतास, पुस्तक अडलं होतं तुझं. म्हटलं, देऊ काहीतरी. तू इतका खूश झालास की मग सांगवेना."

ताईचं हसू इतकं जोरात फुटलं की हातातली चिठ्ठी फाटली. "सात आवृत्त्या! अरे देवा, सात आवृत्त्या! आणि मी शाळेत मुलांना वाचून दाखवलंय!"

टिपणराव हसले नाहीत. कान गरम झाले. किती वर्गांतून त्यांनी हे सांगितलं होतं, किती सभागृहांतून. पण त्यांच्याआधी ठिणगीच उठून उभी राहिली होती.

"अकरा, बाबा. अकरा जोड मी कानाला लावून बसले. तू शेजारी होतास. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

दादाने टेबलाखालून फडक्यात गुंडाळलेलं एक बोचकं काढलं आणि उलगडलं. आत आणखी सहा कंडेन्सर होते, जाडजूड, सफाईदार, बघताक्षणी दादाच्या हातचे. सहाच्या सहा तडकलेले.

"हे माझे," तो म्हणाला. "तू वर जेवायला गेलीस की करून बघायचो. माझा हात गेलाय, बाळा. पाच महिने झाले. दिसायला सरळ आहे, पण गेलाय. आणि बिघडलेल्या हाताशेजारी बसून तुझाही बिघडला. आधी तुझं येत होतं ना? माझ्यामुळे गेलं. म्हणून म्हटलं, जाऊ दे हे सगळं. निदान तू तरी सुटशील."

आता ताईही हसत नव्हती. ती दादाजवळ गेली आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिली. तिला रडू आवरायचं असलं की ती दुसऱ्याचे कपडे नीट करायची.

टिपणरावांनी रेकॉर्डर बंद केला. दादाचा हात त्यांनी हातात घेतला. भाजल्याचे जुने डाग, अंगठ्याचं कातडं टणक झालेलं. याच हाताने त्यांना सायकल शिकवली होती, याच हाताने त्यांच्या वसतिगृहात लाडवांऐवजी काचेचा हंस पाठवला होता आणि तो फुटू नये म्हणून जुन्या सदऱ्यात गुंडाळला होता. हात थरथरत नव्हता. त्यांनी नीट बघितलं. जराही नव्हता.

मग एक गोष्ट घडली, आणि तिचं श्रेय टिपणरावांना द्यायलाच हवं. त्यांनी चौसष्ट प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला आणि ठिणगीची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

"पाच महिने म्हणालास. नक्की कधीपासून? पहिला कधी तडकला?"

"सतरा तारीख," ठिणगी म्हणाली. "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात."

"काच बदलली? गॅस? बर्नर?"

"काही नाही. सगळं तेच."

"वहिनीच्या काळजीने दादाचं लक्ष उडालं असेल," ताई म्हणाली.

"आणि हिचं?" टिपणरावांनी विचारलं. "दोघांचं लक्ष एकाच जागी, एकाच जोडाशी उडतं का?"

एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. सगळे धावले.

"कोणी हात लावू नका," वहिनी वरूनच ओरडली. "सतरा पायऱ्या आहेत, सहा उतरलेय. मी काही काचेची नाही." ती ऑपरेशननंतर पहिल्यांदाच खाली येत होती. शेवटच्या पायरीवर थांबून तिने दम घेतला, एकेकाचा चेहरा बघितला, आणि म्हणाली, "सुतक असल्यासारखे काय बसलात? चहा घेतलात का?"

"किटलीतला घेतला की," ताई म्हणाली.

"भाऊजी, राग मानू नका," वहिनी टिपणरावांना म्हणाली, "किटली तुम्ही प्रेमाने आणलीत, बटण दाबलं की पाणी उकळतं, सगळं खरं. पण त्या चहाला चव नाही हो. आज निरोपाचा चहा आहे, तो तरी माझ्या शेगडीवर होऊ दे."

कारखान्याच्या दाराशी दोन तोंडांची जुनी गॅसची शेगडी होती. पाच महिने तिला कोणी हात लावला नव्हता. वहिनीने काठी भिंतीला टेकवली, फडक्याने शेगडी पुसली, एका तोंडावर चहाचं आधण ठेवलं. मग दादाच्या टेबलाच्या डाव्या कडेचा राखेचा पत्र्याचा डबा उचलला आणि दुसऱ्या तोंडावर ठेवून दिला. साखर शोधायला लागली.

टिपणराव बघत होते. तीन वेळा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"वहिनी, तो डबा का ठेवलात?"

"कुठला? हा होय. तापायला."

"राख तापायला?"

"मग काय गार राखेत ठेवायचं गरम काम? तडकेल ना." ती साखर मोजत होती. "चहा उकळेपर्यंत डबा तापतो. चहा दिला की डबा उचलायचा, यांच्या डाव्या हाताशी ठेवायचा. दोन्ही कामं एका फेरीत होतात."

दादा खुर्चीवरून अर्धवट उठला होता.

"तो डबा... तू तापवायचीस?"

"अहो, म्हणजे काय? पस्तीस वर्षं!"

"मला वाटायचं राख असतेच तशी. ऊबदार." दादा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. "ज्योतीवरची नजर काढता येत नाही गं. हात डावीकडे गेला की डबा असायचा. माझ्या हातात तापलेला जोड, कोणाची ऊब ते मला काय कळणार?"

"आणि गेले पाच महिने चहा वरून किटलीतून येतोय," ठिणगी हळूच म्हणाली. "डबा मी ठेवते. गार."

सगळ्यांनी एकदम टिपणरावांकडे बघितलं. किटली त्यांनीच आणली होती. वहिनीला गुडघ्यावर जोर देऊन शेगडीशी उभं राहायला लागू नये म्हणून, चांगली महागाची, रंग निवडून.

"अगं पण तू सांगितलं का नाहीस?" ताईने वहिनीला विचारलं.

"त्यात सांगायचं काय? मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय." वहिनी खरोखरच गोंधळली होती. "ऑपरेशननंतर मला वाटलं, ही तापवत असेल. माझ्यावाचून अडतंय असं कोणी म्हणालं का? वर कोणी येऊन काही सांगतं का मला? हे म्हणायचे, काम कमी आहे सध्या."

दादाने मान खाली घातली.

"बघताय काय?" ताई गरजली. "ठिणगे, चष्मा घाल!"

ठिणगीने ज्योतीसमोर घालायचा जांभळट चष्मा चढवला. बर्नर पेटला. नळीत नळी धरून ती फिरवायला लागली, एकसारखी, घाई न करता. काच केशरी झाली, मऊ झाली, आतला जोड बसला. तिने ज्योत पिवळी केली, जोडावर काजळी धरू दिली. कानाला काही लावलं नाही. डावा हात बाजूला नेला, आणि तिथे डबा होता. वहिनी तो ठेवून केव्हाच मागे सरली होती. जोड राखेत गेला, झाकण बसलं.

"किती वेळ?" टिपणरावांनी कुजबुजत विचारलं.

"चहा पिऊन कप विसळून होईपर्यंत," वहिनी म्हणाली. " आधी उघडायचं नाही."

चहा प्यायला गेला, पण कोणाला चव कळली नाही. ताईचं तोंड पोळलं. दादाने कप हातात धरला आणि डब्याकडे बघत राहिला, मूल परीक्षेला बसलेल्या माणसासारखा. वाट बघताना बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत नेली, तिच्या खडखडाटाने चौघं दचकली. वहिनीने नेहमीच्या सावकाशीने एकेक कप विसळला. पाचवा पालथा घातला आणि म्हणाली, "उघड."

ठिणगीने जोड काढला, राख फुंकली, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला. एकदा, दोनदा. मग तिने तो बापाच्या हातात दिला.

दादाने जोडावरून अंगठा फिरवला. "धड आहे," तो म्हणाला. मग स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघितला, आणि त्या हाताने तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. ठिणगी त्याच्या गळ्यात पडली. ताई भिंतीवरच्या चिठ्ठ्या फराफरा काढत होती आणि फोनवर कोणालातरी सांगत होती, नाही, उद्या गाडी पाठवू नका, आमच्याकडून चूक झाली, हो, माझीच.

शनिवारी मोठी भट्टी पेटवून तो जोड भाजून निघाला आणि आजही एका प्रयोगशाळेत वाफ थंड करतोय. पण ते पुढचं. त्या दुपारी टिपणराव टेबलाच्या टोकाला मुद्रितं काढून बसले होते. तिसरं प्रकरण त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोडलं. त्यांना वाटलं होतं जीव तुटेल, पण तसं काही झालं नाही. मग पानं उलटता उलटता ते पहिल्या पानावर आले आणि त्यांचा हात थांबला.

वहिनी समोरच्या स्टुलावर गुडघा चोळत बसली होती. "काय झालं भाऊजी?"

"वहिनी, हे डब्याचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सासूबाईंनी. दुसरं कोण? त्यांना त्यांच्या सासूने. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, त्यांनी मला शेगडीशी उभं केलं. तुम्ही तेव्हा शिकायला बाहेर होतात."

टिपणरावांनी पान तिच्याकडे वळवलं. अर्पणपत्रिका. एकोणतीस वर्षांपूर्वी एका बैठकीत लिहिलेली, सातही आवृत्त्यांत एक अक्षर न बदललेली. 'आईस. जिला यातलं काहीच कळत नव्हतं, तरी जी चहा करून देत राहिली.'

वहिनीने ती वाचली नाही. तिला पाठ होती.

"हे तिने वाचलं होतं," टिपणराव म्हणाले. "मीच पहिली प्रत आणून तिच्या हातात दिली होती. या इथे. ती काही बोलली नाही. डोळे पुसले तिने. मला वाटलं, आनंदाने."

"आनंदानेच पुसले. तुम्ही गेल्यावर आम्ही दोघी किती हसलो. मी म्हटलं, सासूबाई, सांगू का भाऊजींना? तर म्हणाल्या, नको गं. प्रेमाने लिहिलंय पोराने. त्याचं पुस्तक छान झालंय, राहू दे." वहिनी थोडी थांबली. "आणि मग म्हणाल्या, तो डबा उतरव आधी, फार तापला."

टिपणरावांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले. मग उलटा ठेवलेला प्रश्नांचा कागद सरळ केला, पेन उघडलं, आणि स्टूल वहिनीजवळ ओढून घेतलं.

"प्रश्न पहिला," ते म्हणाले. "तुम्ही इथे काय काम करता?"